घरच्या नॅसपर्यंत स्वतःचा बोगदा: सिनॉलॉजीवर व्हीपीएन बसवताना

गेल्या पावसाळ्यात बाबा कराडला तहसील कचेरीत रांगेत उभे होते. जुन्या फेरफाराची प्रत लागणार, हे खिडकीशी पोचल्यावर कळलं. ती प्रत मी स्कॅन करून नीट ठेवली होती, पण कुठे? पुण्यात, माझ्या फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या मागे बसलेल्या दोन डिस्कच्या सिनॉलॉजी डब्यात, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणाऱ्या नॅसमध्ये. मी मीटिंगमध्ये, बायको गाडीत, डबा घरात सुरू, पण बाहेरून त्याच्यापर्यंत जायची वाट नाही. बाबांचा दिवस फुकट गेला. त्याच आठवड्यात मी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा खाजगी बोगदा, बसवायला घेतलं. एका संध्याकाळचं म्हणून काढलेलं काम दोन रविवार पुरलं. तुमचे रविवार वाचावेत म्हणून हे लिहितोय.

सगळं सिनॉलॉजीचा नॅस ज्या प्रणालीवर चालतो त्या डीएसएम ७ ला धरून आहे. पडद्यावरची बटणं इंग्रजीत असतात. त्यांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, बघितली की ओळखू येतील. क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीचा नॅस असलेल्यांसाठी पुढे एक तुकडा आहे.

सोपा मोह आधी टाळा

बाहेरून नॅस उघडायचा सगळ्यात झटपट उपाय म्हणजे राउटरमध्ये ५००० किंवा ५००१ हे पोर्ट (नंबर दिलेलं दार) थेट नॅसकडे वळवणं. पाच मिनिटांत लॉगिनचं पान जगात कुठूनही दिसायला लागतं. तुम्हाला दिसतं तसं ते रात्रंदिवस पोर्ट चाचपत फिरणाऱ्या यंत्रांनाही दिसतं.

ऑगस्ट २०१४ मध्ये सिनोलॉकर नावाच्या खंडणीखोर व्हायरसने सिनॉलॉजीचे डबे कुलूपबंद केले आणि सोडवायला ०.६ बिटकॉइन मागितले. ज्या भोकातून तो शिरला ते कंपनीने डिसेंबर २०१३ मध्येच बुजवलं होतं. अडकले ते अपडेट न केलेले, इंटरनेटला उघडे असलेले डबे. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅपवर क्यूलॉकर आला. त्याने तर साध्या सेव्हन-झिपने लोकांच्या फाइली पासवर्ड लावून बांधल्या आणि ०.०१ बिटकॉइन मागितलं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट, भाव ०.०३. तिन्ही वेळा सावज एकच: रस्त्यावरून दार दिसणारा डबा.

व्हीपीएनमध्ये दार रस्त्यावर नसतं. बाहेर उघडं असतं ते फक्त बोगद्याचं तोंड, आणि ते नीट बसवलं तर अनोळखी माणसाने ठोठावल्यावर उत्तरसुद्धा देत नाही. बोगद्यातून आत आलात की तुमचा फोन जणू हॉलमधल्या वायफायवरच आहे, असं नॅसला वाटतं.

एक गोंधळ इथेच मिटवू. व्हीपीएन म्हटलं की लोकांना महिन्याला पैसे भरून मिळणारी, आपण भलत्याच देशात आहोत असं दाखवणारी सेवा आठवते. नॅसला अशा सेवेचा ग्राहक बनवता येतं. कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्क विभागात त्याची सोय आहे. आपलं काम नेमकं उलट आहे. इथे नॅस यजमान, आपण पाहुणे. सिनॉलॉजीचं क्विककनेक्ट हाही व्हीपीएन नव्हे. ते कंपनीच्या मध्यस्थीने नॅसचं लॉगिन पान बाहेर आणतं. कधीमधी चार फोटो बघायला ठीक आहे, पण नॅसचं फोल्डर लॅपटॉपला ड्राइव्ह म्हणून जोडायचं असेल तर उपयोगाचं नाही.

पहिलं काम: तुमचा पत्ता तुमचाच आहे का

माझा पहिला अख्खा रविवार वाया गेला तो इथे. राउटरमध्ये पोर्ट वळवलं, तपासलं, बंद. राउटर रीस्टार्ट केला, बंद. पोर्टचा आकडा बदलला, नॅसची फायरवॉल पूर्ण काढून टाकली (हे करू नका), तरी बंदच. रात्री साडेदहाला राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) म्हणून दिलेला आकडा सहज वाचला, तर तो १०० ने सुरू होत होता. मग डोक्यात प्रकाश पडला.

म्हणून बाकी कशालाही हात लावण्याआधी ही दोन मिनिटांची तपासणी करा. राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट स्टेटस उघडा आणि तिथला आयपी पत्ता कागदावर लिहा. मग त्याच वायफायवरून गूगलला 'व्हॉट इज माय आयपी' विचारा. आयपीव्ही६ चा लांबलचक पत्ता दाखवला तर तो सोडा. आपल्याला टिंबांनी जोडलेल्या चार आकड्यांचा हवा. दोन्ही पत्ते जुळले तर तुमचा पत्ता पब्लिक, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा आहे, आणि पुढे सांगितलेले दोन्ही रस्ते (टेलस्केल आणि ओपनव्हीपीएन) तुम्हाला मोकळे. नाही जुळले, आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात पडत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात: कंपनीने एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय.

सीजीनॅट म्हणजे काय हे पेठेत राहिलेल्याला सांगायला नको. वाड्याला घरक्रमांक एक आणि आत चाळीस बिऱ्हाडं. तुम्ही बाहेर पत्र टाकलंत तर दारावरचा माणूस वहीत नोंद करतो, उत्तर आलं की तुमच्या खोलीत आणून देतो. पण बाहेरून कुणी आपणहून पत्र पाठवलं तर ते कुणाचं हे त्याला कळत नाही. ते परत जातं. आयपीव्ही४ चे, म्हणजे चार आकड्यांचे, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला, आणि एप्रिल २०१२ मध्ये खास या वाडापद्धतीसाठी १००.६४ पासूनचा गट राखून ठेवला गेला. भारतात घरगुती फायबरवर हे सर्रास आढळतं. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट वळवा, वरच्या दारावरच्या माणसाला तुमचं नाव ठाऊकच नसतं.

राउटरवरचा पत्ता १० किंवा १९२.१६८ ने, किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांतल्या कशाने सुरू होत असेल तर दोन शक्यता. एक, हेही सीजीनॅटच. दुसरी, कंपनीच्या फायबरच्या डब्यातच एक राउटर आहे आणि तुम्ही विकत आणलेला दुसरा राउटर त्याच्या मागे बसलाय. दुसरी असेल तर कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, म्हणजे त्यातला राउटर बाजूला होतो. ते जमत नसेल तर पोर्ट दोन्हीकडे वळवा: कंपनीच्या डब्यातून तुमच्या राउटरकडे, तिथून नॅसकडे.

सीजीनॅटवर सरळ उपाय म्हणजे कंपनीकडून स्थिर पब्लिक आयपी विकत घेणं. मी फोन केला. पलीकडच्या मुलाने आधी वायफायचा पासवर्ड बदलून बघायला सांगितलं, मग लॅपटॉप रीस्टार्ट करायला. तिसऱ्या फोनला ज्यांना 'स्टॅटिक आयपी' हे शब्द माहीत होते त्या बाईंनी जी जादा मासिक रक्कम सांगितली, ती ऐकून मी टेलस्केल या तयार व्हीपीएन सेवेकडे वळलो.

दुसरं काम: घरातले नंबर बदला

हे बहुतेक जण सोडून देतात आणि मग व्हीपीएन जोडलं, पण काही उघडत नाही म्हणून डोकं धरून बसतात. बहुतेक घरांत नेटवर्क १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० असतं, जिओच्या राउटरवर १९२.१६८.२९. आता समजा तुमच्याकडे जिओ आणि सासुरवाडीलाही जिओ. तिथे बसून तुम्ही १९२.१६८.२९.१० या आपल्या नॅसला हाक मारलीत, तर लॅपटॉप म्हणतो हा तर इथलाच पत्ता, आणि बोगद्यात न पाठवता सासऱ्यांच्या घरातच शोधत बसतो. कदाचित त्यांचा प्रिंटर सापडेल.

घरचं नेटवर्क कुणाचं नसेल अशा आकड्यावर न्या. माझं १९२.१६८.७३ आहे. राउटरच्या लॅन विभागात पत्ता १९२.१६८.७३.१ करायचा, सेव्ह करायचं, सगळी उपकरणं एकदा बंद-चालू करायची. वायफाय प्रिंटर आणि कॅमेरे रुसतात, त्यांची समजूत काढायला अर्धा तास धरा. घरात मॅच लागलेली असताना हे करू नका.

नंतर राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये नॅसला एक पत्ता कायमचा बांधून द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.७३.१०. नाहीतर एक दिवस लाइट जाऊन येईल, नॅसला वेगळा पत्ता मिळेल आणि तुमचं वळवलेलं पोर्ट टीव्हीकडे जाईल.

रस्ता पहिला: टेलस्केल

सीजीनॅटमागे असाल तर हाच रस्ता. नसाल तरी मी आधी हाच सुचवेन. टेलस्केल आतून वायरगार्ड वापरतं. हा व्हीपीएनचा नवा, हलका प्रकार मार्च २०२० पासून थेट लिनक्सच्या गाभ्यातच आहे. गंमत अशी, की इथे बाहेरून कुणी आत येत नाही. तुमचा फोन आणि नॅस दोघंही आतून बाहेर पत्र टाकतात, टेलस्केलचा सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो, आणि पुढे जमलं तर ते थेट एकमेकांशी बोलतात. नाही जमलं तर टेलस्केलच्या मधल्या सर्व्हरमार्फत बोलतात. तेव्हा वेग पडतो, पण मधल्याला काही वाचता येत नाही, कारण किल्ल्या दोन टोकांनाच असतात.

पॅकेज सेंटर उघडा, टेलस्केल शोधा, इन्स्टॉल करा. उघडल्यावर लॉगिन विचारेल. गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपलचं खातं चालतं. घरगुती वापराला पैसे पडत नाहीत. ज्या खात्याने आत शिरलात ते आता तुमच्या घराची चावी आहे, तेव्हा त्यावर दुहेरी पडताळणी नसेल तर आजच लावा.

लॉगिन झालं की नॅसला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो. घाबरू नका, हा सीजीनॅटच्याच गटातला असला तरी फक्त तुमच्या खाजगी जाळ्यात चालतो. आता फोनवर टेलस्केल ॲप टाका, त्याच खात्याने आत या, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर जा आणि ब्राउझरमध्ये तो पत्ता, पुढे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि ५०००, असं टाका. डीएसएमचं पान आलं की झालं. सिनॉलॉजी फोटोज किंवा डीएस फाइल या ॲपमध्ये क्विककनेक्ट आयडीच्या जागी हाच पत्ता द्यायचा.

आता लगेच करायच्या दोन गोष्टी. टेलस्केलच्या वेबसाइटवर मशीन्सच्या यादीत नॅसपुढच्या तीन टिंबांवर जाऊन 'डिसेबल की एक्स्पायरी' निवडा. मुळात प्रत्येक उपकरणाचं लॉगिन १८० दिवसांनी संपतं. फोनला ते ठीक, पण नॅसचं संपलं आणि तुम्ही बाहेरगावी असाल तर पुन्हा लॉगिन करायला घरीच यावं लागतं. दुसरं, पॅकेज सेंटरमधली आवृत्ती बरेचदा मागे असते. टेलस्केलच्या साइटवरून सिनॉलॉजीची ताजी फाइल उतरवून 'मॅन्युअल इन्स्टॉल'ने टाकता येते.

एक कोपरा मात्र लक्षात ठेवा. डीएसएम ७ वर टेलस्केल बसल्या बसल्या फक्त येणाऱ्या जोडण्या घेतो. नॅसने स्वतः टेलस्केलमधून बाहेर जावं, म्हणजे पुण्याच्या डब्याने रात्री कराडच्या डब्यावर बॅकअप टाकावा, असं हवं असेल तर एक जादा पायरी आहे. कंट्रोल पॅनेल, टास्क शेड्यूलर, नवा 'ट्रिगर्ड टास्क', युझर रूट, वेळ 'बूट-अप'. त्यात चिकटवायची छोटी आज्ञा टेलस्केलच्या साइटवर सिनॉलॉजीच्या पानावर दिलेली आहे. ती आहे तशी उचला, हाताने टाइप करू नका. मग टास्क एकदा हाताने चालवा. टेलस्केल अपडेट केलंत की तो पुन्हा चालवावा लागतो, हे मी दरवेळी विसरतो.

रस्ता दुसरा: नॅसवरच ओपनव्हीपीएन

पब्लिक पत्ता असेल आणि मधे कुठलीच कंपनी नको असेल तर हा. काम जास्त, पण सगळं आपल्या हातात.

आधी नाव घ्या. घरचा पब्लिक पत्ता बदलत राहतो, म्हणून डीडीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्याला चिकटून राहणारं कायमचं नाव लागतं. कंट्रोल पॅनेल, एक्स्टर्नल ॲक्सेस, डीडीएनएस, ॲड. सेवा सिनॉलॉजीचीच निवडा, फुकट आहे. शेवटी 'सिनॉलॉजी डॉट मी' असलेलं एक नाव मिळतं. नाव ठेवताना आडनाव आणि गाव त्यात घालू नका.

मग पॅकेज सेंटरमधून 'व्हीपीएन सर्व्हर' बसवा. त्यात तीन प्रकार दिसतील. पीपीटीपीला हात लावू नका, त्याचं कुलूप कधीच मोडलंय. एलटूटीपी चालतं, पण त्याला ५००, ४५०० आणि १७०१ अशी तीन पोर्टं लागतात, आणि नव्या अँड्रॉइडच्या सेटिंगमधून ते गायबही झालंय. ओपनव्हीपीएन घ्या.

ओपनव्हीपीएनच्या पानावर 'एनेबल'ला टिक. आतला पत्ता १०.८.० असाच राहू द्या. पोर्ट ११९४, प्रोटोकॉल (डेटा पाठवायची पद्धत) यूडीपी. एन्क्रिप्शन एईएस २५६, ऑथेंटिकेशन एसएचए ५१२. कॉम्प्रेशनची टिक काढा: दाबून पाठवलेल्या मजकुराच्या लांबीवरून आतलं ओळखता येतं, हे २०१८ मध्ये व्होरॅकल नावाच्या हल्ल्याने दाखवून दिलंय, आणि फोटो तसेही आणखी दबत नाहीत. 'अलाउ क्लायंट्स टू ॲक्सेस सर्व्हर्स लॅन' ही टिक नॅसशिवाय घरातला प्रिंटर, कॅमेरे वगैरे बाहेरून हवे असतील तरच. 'व्हेरिफाय टीएलएस ऑथ की' मात्र नक्की लावा. बोगद्याचं तोंड अनोळखी माणसाला उत्तरही देत नाही असं वर म्हटलं, ते ही टिक लावल्यामुळे. ही किल्ली नसलेलं पाकीट (डेटाचा तुकडा) सर्व्हर न वाचता फेकून देतो.

आता माणसं. व्हीपीएन सर्व्हरचं लॉगिन म्हणजे डीएसएमचंच नाव आणि पासवर्ड, आणि इथे दुहेरी पडताळणीचा कोड विचारला जात नाही. म्हणून ॲडमिन खात्याने व्हीपीएनमध्ये शिरू नका. एक नवा युझर काढा, त्याला एकाही फोल्डरची, एकाही ॲपची परवानगी देऊ नका. तो फक्त बोगदा ओलांडण्यापुरता. आत आल्यावर फाइलींसाठी आपल्या नेहमीच्या नावाने लॉगिन करायचं. दोन कुलपं, दोन चाव्या. मग व्हीपीएन सर्व्हरच्या 'प्रिव्हिलेज' पानावर बाकी सगळ्यांसमोरची टिक काढून फक्त याची ओपनव्हीपीएनची टिक ठेवा. जनरल सेटिंग्जमध्ये नव्या युझरला आपोआप परवानगी देणारी एक टिक असते, तीही काढा.

नॅसची फायरवॉल वापरत असाल तर नियमांचा क्रम सांभाळा: सगळ्यात वर घरच्या नेटवर्कला मोकळीक, मग १०.८.० या गटाला, मग ११९४ पोर्टला, आणि तळाशी बाकीच्यांना मनाई. ११९४ साठी लोकेशन भारत ठेवलं तर परदेशातून होणारं चाचपणं कमी होतं; पण ताई सिंगापूरला असेल तर तोही देश घालायला विसरू नका.

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग किंवा व्हर्च्युअल सर्व्हर या नावाचं पान असतं. बाहेरचं पोर्ट ११९४, आतलं ११९४, पत्ता नॅसचा, आणि प्रोटोकॉल यूडीपी. बऱ्याच राउटरवर आधीपासून टीसीपी निवडलेलं असतं आणि घाईत तसंच राहून जातं.

शेवटी ओपनव्हीपीएनच्या पानावर 'एक्स्पोर्ट कॉन्फिगरेशन'. एक झिप उतरेल. त्यातली 'ओव्हीपीएन' शेपटीची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. वरतीच 'रिमोट' शब्दाने सुरू होणारी ओळ आहे आणि तिच्यात 'युवर सर्व्हर आयपी' असं मोठ्या लिपीत लिहिलंय. तेवढंच खोडून तिथे आपलं डीडीएनएस नाव घाला, पुढचं ११९४ राहू द्या. थोडं खाली 'रिडायरेक्ट गेटवे'ची ओळ आहे, तिच्यासमोर हॅशचं चिन्ह आहे. ते तसंच ठेवलं तर फक्त घरच्या फाइली बोगद्यातून येतात आणि फोनचं बाकीचं इंटरनेट नेहमीच्या वाटेने जातं. हॅश काढलात तर सगळंच घरून फिरून जातं. स्टेशन किंवा हॉटेलच्या वायफायवर हे बरं, पण मग तुमच्या व्हिडिओचा वेग घरच्या अपलोडइतकाच. दोन फाइली करून ठेवा, एक हॅशसहित, एक हॅश काढलेली.

फाइल फोनवर नेताना घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. केबलने द्या. 'ओपनव्हीपीएन कनेक्ट' ॲपमध्ये ती उघडा, बोगद्याच्या युझरचं नाव-पासवर्ड घाला, वायफाय बंद करा, जोडा. घरच्या वायफायवरून तपासू नका. कित्येक राउटर घरातूनच घराच्या बाहेरच्या पत्त्याला मारलेली हाक घेत नाहीत, आणि चालू असलेलं व्हीपीएन बंद वाटतं. जोडल्यावर नॅस १०.८.०.१ वर भेटतो.

जोडत नाही तेव्हा

ॲपची नोंदवही वाचा, तीन-चारच प्रकार असतात. नुसतं थांबून टाइमआउट होत असेल तर पाकीट नॅसपर्यंत पोचतच नाही: सीजीनॅट, टीसीपी-यूडीपीची अदलाबदल, किंवा फायरवॉल. 'ऑथ फेल्ड' म्हणजे रस्ता उत्तम आहे; पासवर्ड चुकलाय किंवा प्रिव्हिलेजची टिक राहिलीय. जोडलं, फोनच्या वरच्या कोपऱ्यात व्हीपीएनचं किल्लीचं चिन्ह आलं, पण काहीच उघडत नाही, तर फायरवॉलमध्ये १०.८.० चा नियम नाही किंवा दोन्हीकडचे घरगुती नंबर सारखे आहेत. आणि काल चालत होतं, आज प्रमाणपत्राची कुरकुर करतंय, तर कंट्रोल पॅनेलच्या सिक्युरिटी विभागात सर्टिफिकेट बदललंय का ते पाहा. बदललं असेल तर कॉन्फिगरेशन पुन्हा एक्स्पोर्ट करून फोनवर नवी फाइल द्यावी लागते.

क्यूनॅपवर

पॅकेजचं नाव क्यूव्हीपीएन. त्यात वायरगार्ड थेट मिळतं, सिनॉलॉजीच्या पॅकेजमध्ये ते नाही. पोर्ट ५१८२०, यूडीपी. वायरगार्डमध्ये नाव-पासवर्ड नसतात, प्रत्येक फोनची स्वतःची किल्ली असते. फोन हरवला की तेवढी एक किल्ली यादीतून काढायची. पत्ता तपासणं, घरचे नंबर बदलणं, पोर्ट वळवणं सगळं वरच्यासारखंच.

लाइट, आणि कायदा

लाइट जाऊन आली की राउटर आपोआप उठतो, नॅस उठेलच असं नाही. कंट्रोल पॅनेल, हार्डवेअर अँड पॉवर, जनरल: वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची टिक तिथे आहे. ती लावा. नॅस यूपीएसवर आणि फायबरचा डबा साध्या सॉकेटवर, अशी सोय कित्येकांकडे असते. मग लाइट गेल्यावर नॅस ऐटीत चालू असतो आणि त्याच्याकडे जायचा रस्ता बंद. दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या.

भारतात व्हीपीएन वापरायला बंदी नाही. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायचं बंधन घातलं ते लोकांना सेवा विकणाऱ्या कंपन्यांवर. त्यानंतर नॉर्डव्हीपीएन, एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर हलवले. घरच्यांसाठी घरच्या डब्यावर बसवलेल्या बोगद्याचा त्याच्याशी संबंध नाही. दुबई-शारजात राहणाऱ्यांनी मात्र तिथला कायदा वाचून घ्यावा. व्हीपीएनच्या आडून केलेल्या गुन्ह्याला तिथे लाखो दिऱ्हमांचा दंड आहे.

बाबांच्या फोनवर

माझ्या फोनवर चालतं म्हणजे काम झालं, असं मला वाटलं होतं. बाबांना फोनवरून सांगताना तास गेला.

"बाबा, वर कोपऱ्यात किल्ली दिसते का?"

"किल्ली? घड्याळ दिसतंय. बॅटरी दिसतेय."

"तुम्ही ते बटण निळं केलंत ना?"

"अरे निळंच आहे रे. मघाशी होतं."

बाबांचं बरोबर होतं. मघाशी होतं. फोनच्या बॅटरी बचतीने पाच मिनिटांत ॲप झोपवलं होतं. पुढच्या खेपेला कराडला गेलो तेव्हा तीन गोष्टी केल्या: सेटिंग्जमध्ये टेलस्केलची बॅटरी मर्यादा काढून 'अनरिस्ट्रिक्टेड' केली, अँड्रॉइडच्या व्हीपीएन पानावर चाकावर दाबून 'ऑलवेज-ऑन' चालू केलं, आणि त्याच पानावरची 'ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन' बंदच आहे ना ते बघितलं. ती चुकून लागली आणि काही कारणाने बोगदा तुटला, तर फोनचं सगळं इंटरनेट थांबतं आणि व्हॉट्सॲप का येत नाही म्हणून फोन येतात. डीएस फाइलमध्ये जमिनीच्या कागदांचं फोल्डर फेव्हरिट करून दिलं आणि बाबांच्या युझरला त्या फोल्डरची फक्त वाचायची परवानगी ठेवली. एकदा त्यांच्या बोटाखाली अख्खा १९९८ चा फेरफार डिलीट होता होता राहिलाय.